कागद घरी आल्यावर

घराचे कागद बँकेतून सुटून आले, त्या दिवशी अक्कांनी चिरोटे केले. त्यांच्या घरात साजूक तुपाचा वास मला तेव्हा पहिल्यांदा आला. एरवी त्यांच्या स्वयंपाकघरात फोडणीसुद्धा हात राखूनच पडायची.

अक्का माझ्या खालच्या मजल्यावर राहायच्या. नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं होती. बंगळुरात के. आर. पुरमच्या बाजूला, रुळांपासून हाकेच्या अंतरावर काही वर्षांपूर्वी उभी राहिलेली एक तीन मजली इमारत होती. तिच्यातला सगळ्यात वरचा, म्हणून सगळ्यात स्वस्त फ्लॅट मी कर्ज काढून घेतला होता. मी मूळची नागपूरची. जवळच्याच एका सरकारी कारखान्यात ड्रॉइंग सेक्शनला होते. लग्न केलं नव्हतं आणि करायचंही नव्हतं. कर्जाचा अर्ज हातात घेऊन बँकेतल्या साहेबांनी विचारलं होतं, "एकटीला कशाला घर?" मी म्हटलं होतं, "एकटीलाच तर लागतं." तेव्हा ते उत्तर मला फार बाणेदार वाटलं होतं.

मनात एक बेत पक्का होता. कर्ज मुदतीच्या आधी फेडायचं आणि पंचेचाळिशीत नोकरी सोडायची. पुढे काही मोठं करायचं नव्हतं. कुणाला न विचारता एखादी दुपार आपली असावी, एवढंच. कारखान्यात तासाभराची सुट्टी हवी असली तरी साहेबांच्या टेबलासमोर उभं राहावं लागे, आणि ते मान वर करायला मुद्दाम वेळ लावत. त्या उभं राहण्याचा मला वीट आला होता.

हा बेत मी कुणाला सांगितला नव्हता. अक्कांनी तो माझ्या पिशवीवरून ओळखला. जिन्यात त्यांनी पिशवीत डोकावून पाहिलं. मऊ पडलेले टोमॅटो, सुकलेली मेथी.

"बाजार उठताना आणलीस ना? भाव पडल्यावर?" त्या म्हणाल्या. "मला कळतं की. मीपण त्याच वेळेची गिऱ्हाईक."

अक्का इथल्याच. त्यांच्या आजोबा-पणजोबांपासूनचं घराणं बंगळुरात, जुन्या पेठेत कापडाचं दुकान. त्यांच्या मराठीत मध्येच एखादा कन्नड शब्द इतका सहज यायचा की तो परका वाटायचाच नाही. फ्रॉकमधून साडीत आल्या आल्या त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागल्या. वडील गेले, धाकट्या भावाला शिकवलं, त्याचं लग्न करून दिलं, आणि स्वतःचं राहून गेलं. मग त्यांनी हे घर घेतलं. मी राहायला आले तेव्हा त्यांची पन्नाशी अजून पुढे होती आणि कर्ज संपत आलं होतं. ठरावीक वर्षं पुरी होताच स्वेच्छेने निवृत्त व्हायचं, हाती येणाऱ्या रकमेतून उरलेलं कर्ज एकदम भरायचं आणि पेन्शनवर राहायचं. मला जे पुढे कधीतरी करायचं होतं, ते ही बाई माझ्या पायाखालच्या मजल्यावर करत होती.

मी त्यांची शिष्या झाले. पगारवाढ झाली की ती झालीच नाही असं धरून चालायचं, बोनस हातात न घेता थेट कर्जात भरायचा, हे त्यांनीच मला शिकवलं. फ्रिज घेतला नाही. दोघींत मिळून एक वर्तमानपत्र, तेही आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे. आणखी एक गोष्ट त्या शिकवायच्या आणि तेव्हा मला ती शहाणपणाची वाटायची. "लग्नमुंजीला जाऊ नकोस," त्या म्हणायच्या. "एकदा गेलं की आहेर, मग बस, मग त्यांनी आपल्याकडे येणं. स्वल्प स्वल्प करत माणसं फार महाग पडतात." मी नागपूरला जाणं दोन वर्षांआड केलं. कारखान्यातल्या मैत्रिणींच्या भिशीतून नाव काढलं. त्यांनी काही दिवस विचारलं, मग विचारणं सोडलं.

अक्का निवृत्त झाल्या, कर्ज भरलं, कागद आले. चिरोटे खाताना त्यांनी ते जाड पाकीट मला दाखवलं. खरेदीखत, बँकेचा शिक्का, सही. पाकीट त्यांनी मांडीवर ठेवून घेतलं होतं, जणू कुणाचं तान्हं मूल सांभाळायला घेतलंय. "आता मला कुणाचं भय नाही," त्या म्हणाल्या. त्याच संध्याकाळी कोपऱ्यावरच्या बूथवर जाऊन त्यांनी भावाला फोन केला. बऱ्याच वर्षांनी. आनंद सांगायला कुणीतरी हवं होतं, दुसरं काय?

पुढच्याच रविवारी त्यांचा भाचा आला.

तिशीच्या आतबाहेरचा, इस्त्रीचा शर्ट घातलेला, आवाज अगदी मऊ. केळ्यांचा घड घेऊन आला होता. मी वर्तमानपत्र आणायला गेले तेव्हा तो खोल्यांतून फिरत होता आणि अक्का कौतुकाने मागून फिरत होत्या. एका भिंतीवर बोटांनी टकटक करून त्याने मान हलवली. मग माझ्याकडे वळून विचारलं, "मॅडम, वरचं घर तुमचं? लोन अजून चालू असेल ना?"

मी हो म्हटलं.

"बरं आहे," तो म्हणाला. "एकट्या माणसाचं एक बरं असतं. विचारायला कुणी येत नाही."

त्यात बोट ठेवण्यासारखं काही नव्हतं. तरी जिना चढताना मला ते वाक्य पाठीवर असल्यासारखं वाटलं.

आधी तो रविवारचा यायचा. मग शहरात काम आहे म्हणून चार दिवस राहिला. मग त्याची ट्रंक आली. "भावाचा धंदा बुडाला गं," अक्कांनी सांगितलं. "पोरगा काहीतरी जम बसवेपर्यंत राहील. रक्ताचा आहे, नाही कसं म्हणू?" त्या हसल्या, पण हसताना दाराकडे बघितलं. त्या आठवड्यात त्यांच्या दाराला नवं कुलूप आलं. पंधरवड्यात खिडकीला आतून जाड पडदा लागला. आमच्या इमारतीत दुपारी नेहमी ऐकू यायचा तो त्यांचा रेडिओ बंद झाला.

वर्तमानपत्र माझ्याकडे येईनासं झालं. मी दार वाजवलं की तो उघडायचा, आणि एवढंच उघडायचा की त्याचा खांदा मावेल.

"आत्या झोपलीय."

अक्का दुपारी कधी झोपत नसत. एक्स्चेंजमध्ये सगळं आयुष्य पाळ्यांत गेलेलं. निवृत्तीनंतरची जागी दुपार हीच त्यांची चैन होती.

"बरं नाही का त्यांना?"

"बीपी वाढलंय. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. विश्रांती सांगितलीय." तो इतक्या अदबीने बोलायचा की पुढे विचारणारीच आगाऊ ठरावी.

एकदा मी कारखान्यातून येत असताना अक्का बाल्कनीत दिसल्या. मी हात केला. त्या माझ्याकडेच बघत होत्या, पण ओळख दिली नाही. मग लक्षात आलं, डोळ्यांवर चष्मा नव्हता. चष्म्याशिवाय त्यांना समोरचा माणूससुद्धा धुरकट दिसायचा. दुसऱ्या दिवशी मी त्याला गाठून विचारलं. "दांडी तुटली, दुरुस्तीला दिलाय," तो म्हणाला. दुसरा महिना उजाडला तरी चष्मा दुरुस्तीलाच होता.

कुणाला सांगायचं, हा प्रश्न मला तेव्हा पहिल्यांदा पडला. अक्कांच्या एक्स्चेंजमधल्या बायका कुठे राहतात ते मला ठाऊक नव्हतं. त्यांचे बाकीचे नातेवाईक मी पाहिलेही नव्हते. तळमजल्यावरच्या कुटुंबाला सांगितलं तर ते म्हणाले, "घरचा मामला आहे मॅडम, भाचाच तर आहे." आणि माझ्या बाजूने बोलेल असं माझंही कुणी राहिलं नव्हतं.

एका सकाळी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. मागे कुणीतरी कठड्याला धरून चाचपडत आलं. अक्का होत्या. भाचा दाढी करायला सलूनमध्ये गेला होता आणि बाहेरून कडी घालायला विसरला होता. म्हणजे एरवी तो कडी घालत होता, हे मला त्यांच्या बोलण्यातून कळलं.

त्या अर्ध्या झाल्या होत्या. गालफडं बसली होती, केस विंचरलेले नव्हते. मी हात धरला तर हात गार.

"अक्का, तुम्ही माझ्याकडे चला. आत्ता."

"माझ्या घरातून मी का जाऊ?" त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात जुनी धार क्षणभर आली. मग त्या हळूच म्हणाल्या, "कागद बँकेत होते तोवर कुणी आलं नाही गं. दर महिन्याला हप्ता घ्यायची, पण दारात उभी होती ती बँक. मला वाटायचं ती माझ्या छातीवर बसलीय. ती दार राखत होती."

"कागद कुठे आहेत?"

"त्याच्या ट्रंकेत. सुरक्षित राहतील म्हणाला." मग माझा हात घट्ट धरून, "त्याने एका कचेरीत नेलं, तिथे मी एकावर सही केलीय. घरपट्टीचा आहे म्हणाला. मला दिसलं नाही काय होतं ते. आता आणखी एकावर कर म्हणतोय. मी नाही म्हटलं की गोळी देतो."

खाली जिन्यात चपला वाजल्या. अक्कांनी माझा हात सोडला आणि दोरीवरचा माझा ओला पंचा उचलून झटकायला लागल्या. तो गच्चीच्या दारात आला. अर्धी दाढी तशीच होती, कानाजवळ साबण होता. "आत्या, ऊन लागेल," तो म्हणाला. माझ्याकडे बघून हसला. त्या हसण्याची मला आजही भीती वाटते.

त्या वर्षी कर्जात भरायला म्हणून बाजूला ठेवलेले पैसे मी काढले आणि शहरातल्या एका वकिलाकडे गेले. वय झालेला, कमी बोलणारा माणूस. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी रजिस्ट्रार कचेरीतून घराचा दाखला काढायला लावला. विक्री झालेली नव्हती. पण तिथल्याच नोंदीत कळलं, अक्कांची सही ज्याच्यावर होती, ते घरपट्टीचं काही नव्हतं. ते मुखत्यारपत्र होतं. त्याच्या जोरावर भाचा अक्कांच्या वतीने घर विकू शकत होता.

"मग विकलं का नाही अजून?" मी विचारलं.

"गिऱ्हाईक ठरत असेल," वकील म्हणाले. "किंवा घेणारा म्हणत असेल, बाईची सही थेट हवी. त्या दुसऱ्या कागदाचा अर्थ तोच. रद्द करता येतं. पण त्यांना स्वतः यावं लागेल, आणि लवकर."

लवकर म्हणजे किती लवकर, ते त्यांनी सांगितलं नाही.

मी रजा मागायला साहेबांसमोर उभी राहिले. कारण विचारल्यावर म्हटलं, घरी आजारपण आहे. मग तीन दिवस सकाळी जिन्याच्या वळणावर उभी राहून वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी तो दुधाला गेला. कडी बाहेरून होती, कुलूप नव्हतं. मी कडी काढली. अक्का आत खाटेवर बसल्या होत्या, जणू बसून राहायलाच सांगितलंय.

"चला," मी म्हटलं.

त्या लगेच उठल्या. घरातल्याच साडीवर, पायात चुकीच्या जोडीच्या चपला घालून त्या माझ्या खांद्याला धरून मागच्या बाजूने उतरल्या. रिक्षात बसल्यावर त्यांनी पदर डोक्यावरून घेतला आणि सगळा रस्ता माझं मनगट धरून ठेवलं. प्रत्येक सिग्नलला मला वाटायचं, बाजूच्या रिक्षात तो असेल.

कचेरीत वकिलांनी स्वतःचा वाचायचा चष्मा काढून अक्कांच्या हातात दिला. तो त्यांना मोठा होत होता. एका हाताने सावरत त्यांनी ते रद्दपत्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. कारकून घाई करत होता. "थांबा स्वल्प," अक्का म्हणाल्या. "न वाचता एकदा केलीय." मग सही केली. अक्षर थरथरलं होतं, पण नाव पुरं होतं.

परत आलो तेव्हा तो जिन्यातच बसला होता. हातात दुधाची पिशवी तशीच, कोमट झालेली.

"आत्या, कुठे गेली होतीस? मी किती घाबरलो."

"मी सही काढून घेतली," अक्का म्हणाल्या. "वकिलाने नोटीस लिहिलीय."

त्याने दुधाची पिशवी पायरीवर ठेवली. मग उठला, आम्हाला वाट करून दिली आणि मी जवळून जाताना त्याने हळूच विचारलं, "मॅडम, तुमच्याकडे रात्रीबेरात्री कोण असतं?"

अक्का त्या दिवसापासून माझ्याकडे राहिल्या. मी दाराला आडवा बार बसवून घेतला. पुढचे काही दिवस खाली काय चाललंय ते आम्ही नुसतं ऐकत होतो. ट्रंक ओढल्याचा आवाज. परक्या माणसांचे आवाज. दोनदा आमच्या मीटरचा फ्यूज कुणीतरी काढून नेला. एकदा संध्याकाळी आमचं दार कुणीतरी ढकलून पाहिलं, वाजवलं नाही, नुसतं ढकललं. अक्का तांदूळ निवडत होत्या. त्यांची बोटं थांबली आणि बाहेरचा माणूस खाली उतरेपर्यंत पुन्हा हलली नाहीत.

एका सकाळी खालचं दार सताड उघडं होतं. तो गेला होता. भांडी, रेडिओ, खाट, सगळं जागच्या जागी. कागद तेवढे नव्हते.

पोलिसांत तक्रार झाली, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली, कचेरीतून नकला काढल्या. कायद्याने घर अक्कांचंच राहिलं. त्यांचा भाऊ येऊन रडून गेला. मुलगा कुठे आहे ते त्यालाही ठाऊक नव्हतं, असं तो म्हणाला. अक्कांनी नवा चष्मा केला आणि त्या खाली राहायला गेल्या. पण ते पाकीट कुठेतरी आहे, कुणाच्या तरी हातात आहे, हे त्यांच्या डोक्यातून गेलं नाही. त्या बाहेरगावी जाईनात. मग बाजारालाही जाईनात. वर्षभराने दोन अनोळखी माणसं इमारतीसमोर उभी राहून वर बोट दाखवत बोलत होती. अक्कांनी मला खाली बोलावलं आणि आम्ही दोघी पडद्याआडून ती जाईपर्यंत बघत राहिलो. कदाचित ती दुसरीच कुठली जागा शोधत असतील. विचारायला मात्र आम्ही दोघीही उतरलो नाही.

दशक संपता संपता आमच्या कारखान्यात स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. माझी पंचेचाळिशी अजून दूर होती, पण मी नाव दिलं. मिळालेल्या रकमेत सगळं कर्ज फिटत होतं. बँकेतला नवा अधिकारी खूश झाला. "सगळं भरून टाका मॅडम, आजच कागद सोडवायला सांगतो."

"थोडं राहू दे," मी म्हटलं.

त्याला वाटलं मला हिशोब कळला नाही. त्याने पुन्हा समजावलं, उगाच व्याज जाईल म्हणाला. मी ऐकून घेतलं आणि अगदी लहान हप्ता बसेल एवढं कर्ज मागे ठेवलं. अक्कांना सांगितलं तेव्हा त्या कन्नडमध्ये फक्त "सरी" म्हणाल्या, म्हणजे बरं.

त्याच महिन्यात नागपूरहून भावाचा फोन आला. त्याच्या थोरल्या मुलाला इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी लागली होती. "सुरुवातीला तुझ्याकडेच राहील," भाऊ म्हणाला. "तुलाही सोबत. एकटी तर असतेस."

माझी नजर दाराच्या आडव्या बारावर गेली.

"का गं? काही अडचण आहे का?"

"नाही," मी म्हटलं. "येऊ दे ना."

तो आला. लांबच्या प्रवासाने काळवंडलेला, संत्रा बर्फीचा डबा पुढे करून माझ्या पाया पडला. लहानपणी मी त्याला कडेवर घेतलं होतं. चांगला मुलगा होता, आजही आहे; त्याने कधी माझ्या कपाटाला हात लावला नाही, आणि जागा मिळताच त्याच्या कंपनीजवळ राहायला गेला. पण त्या सकाळी त्याने बॅग खाली ठेवली, घरभर एकदा नजर फिरवली आणि म्हणाला, "आत्या, मस्त आहे गं घर. पूर्ण तुझंच ना हे?"

"नाही," मी म्हटलं. "बँकेचं आहे अजून."

मी त्याला बाहेरच्या खोलीत अंथरूण घालून दिलं. तो अंग टाकताच झोपला. मी आत गेले, दार लोटलं, आणि आवाज होऊ न देता कडी लावली.